शालनबाईंची गाय कुठं गेली

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विचारलं तर विषय बदलला आणि कुणी नाही विचारलं तर सुटलो असं वाटलं. घरात बायकोला ती अर्धी ठाऊक होती. बायको गेल्यावर उरलेली अर्धी सांगायला कुणी राहिलं नाही. आता लिहितो आहे ते धाडस आलं म्हणून नव्हे, राग आला म्हणून. काही आठवड्यांपूर्वी सकाळी निपाणीहून शालनबाईंच्या भाचीचा, मीनलचा, फोन आला. "सर, मावशी गेली." मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्याच्या बातमीवर कुणी बरं म्हणतं का? पण तेवढाच शब्द तोंडातून आला... मीनल समजूतदार, तिनं फोन ठेवला. मी फोन हातात धरून तसाच बसून राहिलो आणि मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. मनात आलं, आता मला पकडणारं कुणी उरलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं लिहायचं म्हणून बसलोय तर तेही लिहिलं पाहिजे.

प्रा. शालन कांबळे आमच्या विद्यापीठाच्या रशियन विभागात काही वर्षं हंगामी अधिव्याख्यात्या होत्या. बेळगावात, कॅम्पातल्या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचा विभाग होता. एक वर्ग, एक कपाटांची खोली आणि प्रमुखांची केबिन. आज तिथं कौशल्य विकासाचा फलक लागला आहे. त्या काळी मात्र त्या तीन खोल्यांत बरंच काही होत असे. रशियन एकांकिकांचे मराठीत आणि कन्नडात प्रयोग, आकाशवाणीवरची भाषणं, चर्चासत्रं, पदविकेचे वर्ग. मी खानापूर तालुक्यातल्या नंदगडजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात नोकरी हा शब्द माझ्यापासून सुरू झाला. मी तिथं कायम होतो. प्रमुखही कायम होते. त्यांचं नाव छापायला या पुरवणीच्या संपादकांनी नकार दिला, म्हणून मी त्यांना नुसतं प्रमुख म्हणतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी हे संबोधन त्यांना आवडतं, त्यामुळं तेही तक्रार करणार नाहीत. बेळगावपासून चिकोडीपर्यंत ज्याला समजायचं त्याला समजेल. मॉस्कोहून आणलेली केसाळ टोपी घालून सत्काराला जाणारा माणूस आमच्या भागात एकच आहे.

शालनबाईंची शोकसभा खडेबाजाराजवळच्या एका सभागृहात झाली. अध्यक्ष अर्थात प्रमुख. टोपी होती. ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "कांबळेबाईंची विभागाला फार मदत. माझ्या अनुवादाचं हस्तलिखित त्यांनी उतरवून घेतलं. अक्षर मोत्यासारखं." मग थोडं थांबून म्हणाले, "कादंबरीची नवी आवृत्ती लवकरच येत आहे. तिच्या आभारात बाईंचं नाव आवर्जून घालणार आहे." लोकांनी माना डोलावल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. शेजारी मीनल होती. ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही बोला की." मी उठलो नाही. पाय दुखत होते असं घरी येताना स्वतःला सांगितलं. पाय खरंच दुखतात, पण त्या दिवशी त्यांचा काही दोष नव्हता.

तर आता बोलतो. ती कादंबरी प्रमुखांनी अनुवादित केलेली नाही. त्यातलं एक वाक्यही त्यांचं नाही. मला हे ठाऊक आहे, कारण ती कादंबरी मराठीत येत होती तेव्हा त्या खोलीत तिसरं माणूस नव्हतं.

काम कसं चालायचं ते सांगतो. मूळ पुस्तकाची एकच प्रत विभागात होती आणि ती खोलीबाहेर न्यायला बंदी होती. बाई राहायच्या निपाणीत, रोज बसनं यायच्या. मग आम्ही शनिवारी दुपारी, वर्ग संपल्यावर, कपाटांच्या खोलीत बसायचो. मी रशियन वाक्य मोठ्यानं वाचायचो आणि थांबायचो. बाई डोळे मिटून घ्यायच्या. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळानं त्यांच्या तोंडून मराठी वाक्य यायचं, मग त्या ते लिहून घ्यायच्या. त्या थांबण्याची मला सवय झाली होती. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडायचा, छपरावर कबुतरं फिरायची, आणि त्या बाईच्या मनात कुठल्या तरी रशियन नदीकाठच्या म्हातारीला निपाणीची भाषा फुटायची. मला रशियन चांगलं येत होतं. व्याकरणात तर मी त्यांच्यापेक्षा सरस होतो. पण एकदा मी एक वाक्य सुचवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अण्णा, ही म्हातारी अशी बोलली तर गावात तिला कोण उसनं पीठ बी देणार न्हाय." पुन्हा मी सुचवायच्या भानगडीत पडलो नाही.

आठवडाभरात जेवढं झालं तेवढं त्या निपाणीत वाचून दाखवायच्या. त्यांची आई विड्या वळायची. गल्लीतल्या चार बायका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर सुपं मांडीवर घेऊन बसत. बाईंची कसोटी साधी होती. वाचताना ज्या वाक्याला बायकांचे हात थांबले ते वाक्य ठेवायचं. हात चालूच राहिले तर ते पुन्हा करायचं. "हात थांबायला पाहिजेत," त्या म्हणायच्या, "न्हाईतर छापून तरी काय उपेग." मी एकदा गेलो होतो ऐकायला. म्हातारीची सून घर सोडून जाते तो भाग होता. बायकांनी सुपं खाली ठेवली. एकीनं डोळ्याला पदर लावला आणि दुसरी तिला म्हणाली, "रडतीस काय, विड्या भिजतील." आणि सगळ्या हसल्या. कादंबरीच्या मराठी आवृत्तीतला हा भाग आजही लोक वाचून दाखवतात. प्रमुखही दाखवतात, टोपी काढून.

आता गाईकडे येतो. कादंबरीतल्या म्हातारीकडे एक गाय असते. पहिल्या पानापासून असते. सून जाते, मुलगा जातो, गाय राहते. एका शनिवारी आम्ही थंडीच्या प्रकरणात होतो. "म्हातारीनं गाईचं दावं सोडलं" हे वाक्य बाईंनी लिहिलं आणि तेवढ्यात खाली दुकानांची शटरं पडायला लागली. आमच्याकडे या आवाजाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सीमेवरून कुणीतरी कुठंतरी काहीतरी बोललं होतं आणि बंद सुरू झाला होता. अशा वेळी पहिल्यांदा बस थांबतात. बाईंनी कागद गोळा केले, मी पुस्तक मिटलं आणि आम्ही जिन्यावरून धावत सुटलो. खूण म्हणून मी पानात बोट घालून वाचत असे, त्यामुळं पुस्तक मिटलं तशी खूणही गेली. निपाणीची शेवटची बस त्यांना स्टँडवर नव्हे, फाट्यावर मिळाली. खिडकीतून त्यांनी हात केला आणि ओरडून सांगितलं, "दावं सोडलंय, ध्येनात ठेवा."

पुढच्या शनिवारी येताना त्यांनी एक पत्र्याचा चौकोनी तुकडा आणला. विडीचं पान त्या मापानं कापतात. आईचा जुना होता, कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. "बोट नको आता. ह्यो ठेवा वळीखाली, मिटलं तरी जागा ऱ्हातीय." मी पुस्तक उघडलं. थंडीच्या त्या प्रकरणात दोन परिच्छेद नदी गोठल्याच्या वर्णनानं सुरू होतात. मी दुसरा धरला. पत्रा त्याच्याखाली ठेवला आणि वाचायला लागलो. म्हातारी एकटीच बाजाराच्या वाटेनं निघाली होती. बाईंनी डोळे उघडले.

"अण्णा, गाय कुठं गेली?"

"येईल पुढं," मी म्हणालो.

"दावं सोडल्यालं हाय तिनं."

"तिथनंच घेतलंय. लेखकाचं असं असतं."

मागची पानं उलटून बघायला कितीसा वेळ लागला असता. पण व्याकरणात मी सरस होतो ना... मला चूक झाल्यासारखं दाखवायचं नव्हतं, त्यातून कायम नोकरीतल्या माणसानं हंगामीसमोर. गाय पुढं आलीच नाही. पुस्तक संपलं तरी आली नाही. निपाणीच्या ओट्यावर तर भांडण पेटलं. बाई सोमवारी सांगायच्या, "आई म्हणती, रशियात चोऱ्या लई हायत वाटतं. म्हातारीचं समदं सांगितलंस आन गायीचं सांगितलं न्हाईस व्हय?" त्यांनी मला पुन्हा विचारलं, एकदा नीट तपासाल का. मी तपासतो म्हणालो आणि दोन दिवसांनी तपासलं म्हणून सांगितलं. तपासलं नव्हतं. त्यांनी विश्वास ठेवला. मूळ माझ्या हातात असायचं, त्यांच्या नव्हे, आणि आमचा सगळा व्यवहार त्या विश्वासावरच चालला होता.

हस्तलिखित पुरं झालं तेव्हा प्रमुखांनी ते मागून घेतलं. प्रकाशकाशी मी बोलतो, हंगामी माणसाचं पत्र कोण वाचतं, असं म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. बऱ्याच महिन्यांनी विभागात प्रकाशन समारंभ झाला. बाई नव्या इरकलीत आल्या होत्या, आईलाही आणलं होतं. वेष्टनाचा कागद सोडला आणि मुखपृष्ठावर प्रमुखांचं नाव दिसलं. अनुवादक म्हणून. आत आभाराच्या पानावर 'विभागातील सर्व सहकाऱ्यांचे' आभार. त्यांच्या आईला वाचता येत नव्हतं. ती शेजारच्या बाईला सांगत होती, "आमच्या शालनचं पुस्तक." बाईंनी तिला काही सांगितलं नाही, तिथं तरी नाही. जिन्यात मला गाठून एवढंच म्हणाल्या, "अण्णा, तुमी सांगशीला न्हवं?" मी म्हणालो, "म्हणजे काय." 

आणि मग प्रस्तावना वाचली. वाचकहो, ही प्रस्तावना तुम्ही जरूर वाचा, ग्रंथालयात मिळते. तीत प्रमुखांनी गाईवर पानंच्या पानं लिहिली आहेत. दावं सुटतं, गाय नाहीशी होते आणि लेखक त्याबद्दल एक शब्द काढत नाही, हे या कादंबरीचं हृदय आहे, असं ते म्हणतात. ते मौन म्हणजे इतिहासानं गिळलेल्या माणसांचं मौन आहे म्हणतात. यावर त्यांनी पुढं चर्चासत्रांत निबंध वाचले, परगावी व्याख्यानं दिली, विद्यार्थ्यांकडून प्रबंध करून घेतले. मानाची पदं मिळवली. 'मौनाचे भाष्यकार' असं त्यांच्या एका मानपत्रात छापलं होतं. मी प्रस्तावना वाचून त्यांच्या केबिनमध्ये गेलो. ते बाहेर होते. मूळ प्रत आता त्यांच्या काचेच्या कपाटात होती. ती काढली, थंडीचं प्रकरण उघडलं. दोन पानं. नदी गोठल्याच्या पहिल्या परिच्छेदापासून दुसऱ्यापर्यंत पुरी दोन पानं मी ओलांडली होती. गाय तिथंच होती. लेखकानं तिच्याबद्दल सगळं सांगितलं होतं.

ते मौन लेखकाचं नव्हतं, इतिहासाचं तर नव्हतंच. ते माझं होतं. ज्या माणसानं ही कादंबरी स्वतः भाषांतरित केली असं तो म्हणतो, त्यानं मूळ पुस्तक एकदा जरी ओळीनं वाचलं असतं तरी त्याला गाय सापडली असती. पुस्तक त्याच्या कपाटात होतं. निवृत्त होताना त्यानं ते घरी नेलं, आजही तिथल्या कपाटात आहे. तो काचेतून तिच्याकडे बघत चार दशकं मौनावर बोलतो आहे.

बाईंनी तक्रार केली. चौकशी समिती बसली. मला बोलावलं. त्याच सुमाराला माझ्या बढतीची फाईल प्रमुखांच्या शेऱ्यासाठी त्यांच्या टेबलावर होती. याची मला कुणी आठवण करून दिली नाही, तशी गरज नव्हती. समितीनं विचारलं, "हा अनुवाद कोणाचा?" मी म्हणालो, "विभागाचं सामूहिक काम आहे." हे वाक्य मी आदल्या दिवशी घरी तयार केलं होतं. वाटलं होतं, यात खोटं काही नाही आणि खरं काही नाही, दोन्हीकडून निभेल. आणखीही एक होतं. खरं सांगायचं तर गाईचंही सांगावं लागलं असतं, आणि रशियनचा अधिव्याख्याता दोन पानं गाळतो हे समितीपुढं कबूल करण्यापेक्षा मला एका बाईचं पुस्तक जाणं सोपं वाटलं. मी बाहेर आलो तेव्हा त्या बाकावर बसल्या होत्या. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं. पिशवी उचलून म्हणाल्या, "बसची येळ झाली." पुढच्या वर्षी त्यांना विभागात घेतलं नाही. माझी बढती झाली.

त्यांचं काय झालं असं विचाराल तर त्यांचं कुणावाचून अडलं नाही. निपाणीच्या हायस्कुलात हिंदी शिकवलं, कन्नड शिकवलं. निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत रशियनचे वर्ग काढले. आपल्या भागातली मुलंमुली डॉक्टर व्हायला रशियात जायला लागली होती. निपाणीची, चिकोडीची, संकेश्वरची. जाण्याआधी ती बाईंकडे बसायची. तंबाखूच्या वखारीत राबलेल्यांची नातवंडं. बाईंनी त्यांच्यासाठी रशियन, मराठी आणि कन्नड अशा तीन भाषांत बोलण्याची वाक्यं जुळवली होती, दुखतं कुठं इथपासून आईला फोन लावून द्या इथपर्यंत. विद्यापीठाच्या तीन खोल्यांतून आम्ही सगळ्यांनी मिळून जेवढं रशियन या मातीत रुजवलं नाही तेवढं त्या एका ओट्यानं रुजवलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर चिकोडीत दवाखाना असलेली एक डॉक्टर मुलगी उठली आणि रशियनमध्ये दोन वाक्यं बोलून रडायला लागली. गल्लीतल्या बायकांना कळलं काहीच नाही, पण वाढणारे त्यांचे हात थांबले. प्रमुख त्या दिवशी आले नव्हते. तिथं व्यासपीठ नव्हतं.

आता नवी आवृत्ती येते आहे. प्रकाशनाला जे जातील त्यांना माझी विनंती आहे. हार घाला, टोपीचं कौतुक करा आणि मग प्रमुखांना एवढंच विचारा की गाय कुठं गेली. त्यांना मौनावर बोलू द्या, पुरतं बोलू द्या. झालं की म्हणा, तुमच्या कपाटातलं पुस्तक आणा आणि थंडीचं प्रकरण सगळ्यांसमोर वाचा. त्यांनी पुस्तक नाही आणलं तरी चालेल. आता ते जुनं पुस्तक इंटरनेटवर घरबसल्या बघता येतं, मी बघितलं आहे. लोक म्हणतील, म्हातारपणी हे कशाला, दोघांची पानं पिकली आहेत. म्हणूनच. मी त्यांच्याच वयाचा आहे, त्यामुळं मला ठाऊक आहे की या वयात माणसाकडे नावाशिवाय काही उरत नाही. तेच मला काढून घ्यायचं आहे. त्यांना क्षमा करावी असं शालनबाई म्हणाल्या असत्या की नाही ते मला सांगता येत नाही. मी करत नाही. जाताना माझंही नाव जाणार आहे, बढतीसकट. जाऊ दे.

बाईंना मी शेवटचं भेटलो ते त्यांच्या पुढच्या खोलीत. आजारपण वाढलं होतं. खाटेवर पडून त्या दोन मुलींना रशियन पाढे म्हणायला लावत होत्या. मला बघून मुलींना सुट्टी दिली. मी ठरवून गेलो होतो. ती दोन पानं मी मराठी करून पाठ केली होती. या वेळी मी मराठी म्हणायचं आणि त्यांनी ऐकायचं, असं बसमध्ये घोकत होतो. मीनलनं चहा आणला. बाई उशीला टेकून बसल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"काय अण्णा, गाय घावली का?"

त्या चेष्टा करत होत्या की त्यांना सगळं केव्हाच समजलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून ओळखता आलं नाही. मी म्हणालो, "न्हाय अजून."

"घावंल," त्या म्हणाल्या. "जाती कुठं." आणि चहा पिऊन झाल्यावर समितीच्या बाकावरून उठताना म्हणाल्या होत्या तेच पुन्हा म्हणाल्या. "बसची येळ झाली बघा तुमची."

तो पत्रा माझ्याकडेच आहे. शनिवारी दुपारी मी टेबलाशी बसतो, त्या दोन पानांची छापून आणलेली प्रत काढतो आणि पत्रा पहिल्या ओळीखाली ठेवतो. आता बरोबर जागी. रशियन वाक्य मोठ्यानं वाचतो आणि थांबतो, त्या थांबायच्या तेवढा वेळ. मग पुढचं. नदी गोठलेली असते. म्हातारी गाईला घेऊन उजाडायच्या आत गावाच्या दुसऱ्या टोकाला जाते. तिथं एक शेजारीण असते, जिच्याशी ती कित्येक वर्षं बोललेली नाही. शेजारणीची गाय त्या हिवाळ्यात मेलेली असते. म्हातारी आपली गाय तिच्या दाराच्या कडीला बांधते, दार वाजवायला हात उचलते... आणि न वाजवताच परत फिरते. पत्रा तिथं थांबतो. त्या खोलीत, खाटेशेजारी, चहाचा कप हातात असताना मला जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं. शालनबाई, गाय मी घालवली. ती कुठं बांधलीय ते मला ठाऊक होतं, आणि तुम्ही विचारत राहिलात तरी मी सांगितलं नाही. पुस्तक तुमचं होतं. मला माफ करा.